ऐपतीचा दाखला

माझ्या लेकीचा संसार वर्षभर उशिरा सुरू झाला आणि त्याला कारण मी आहे. लोकांना सांगताना मी ब्रिटनच्या नियमाचं नाव पुढे करतो, ते सोपं पडतं. विश्रामबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपुढे त्या नियमावर मी इतक्या वेळा बोललोय, की एकदोघांना तो तोंडपाठ झालाय. पण नियम बदलला ११ एप्रिल २०२४ ला, आणि तो बदलणार हे आमच्या घरात डिसेंबर २०२३ पासून माहीत होतं. मधल्या चार महिन्यांत मी काय केलं, हे त्या मंडळींना कधी सांगितलेलं नाही.

बँकेत बत्तीस वर्षं काढली. सुरुवात सातारा जिल्ह्यात, शेवट सांगलीत, आणि त्यातली अकरा वर्षं कर्जाच्या टेबलावर. समोर बसलेल्या माणसाचं तोंड मी नंतर बघायचो, आधी कागद. सातबारा, आठ अ, पगारपत्रक, तीन वर्षांची रिटर्न, दोन जामीनदार. नव्या पोरांना सांगायचो, समोरचा गहिवरून बोलायला लागला की फाईल मिटा. हे वाक्य मला तेव्हा फार हुशारीचं वाटायचं.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे बाप शिल्लक दाखला न्यायला यायचे. काकाचे, मामाचे, पतसंस्थेतून उचललेले असे पैसे सकाळी खात्यात भरायचे, दुपारी दाखल्यावर सही घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याला परत करायचे. सही मीच करायचो. त्या तारखेला ती शिल्लक खरीच असायची, त्यामुळे नियमात बसत होतं. पण त्या बापाला मी मनातल्या मनात एक पायरी खाली बसवायचो. ऐपत नाही आणि सोंग आणतोय, असं.

हीच फूटपट्टी मी घरी आणली. भावकीत, ओळखीत स्थळ बघायला लोक मला बरोबर न्यायचे ते त्यासाठीच. मुलाचा फॉर्म सोळा मागणारा आणि सिबिल स्कोअर विचारणारा आमच्यात मी पहिला. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून. टीव्हीवर ते बघताना मी हसलो. ‘मुलगी मागायची तर ऐपत दाखवा, साधी गोष्ट आहे,’ असं काहीतरी म्हणालो. आम्ही जेवत होतो. लेक ताटावरून उठली. ती का उठली, हे मला वर्षभरानं समजलं.

ती मिरजेत एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिकडे कोल्हापूर, इकडे सातारा, खाली कर्नाटकापासून पेशंट येतात. कोरेगाव तालुक्यातल्या एका बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांचा मुलगा त्यासाठी इंग्लंडहून रजा काढून आला होता. गुडघा वाकवायचे व्यायाम शिकवता शिकवता जे व्हायचं ते झालं. मुलगा २०१२ साली तिकडे शिकायला गेलेला. शिक्षण, नोकरी, परवान्याची मुदत वाढवून घेणं असं करत त्यानं दहा वर्षांचा कायदेशीर रहिवास पुरा केला होता आणि कायम राहण्याचा परवाना मिळवला होता. लेस्टरला एका गोदामात सुपरवायझर. घरी अडीच एकर, त्यात आलं आणि घेवडा. पगार वर्षाला २४,८०० पौंड.

मी तो आकडा रुपयांत केला. सव्वीस लाख. माझं समाधान झालं. तिथं त्या पगारात काय येतं आणि काय येत नाही, हे कर्जाच्या टेबलावर अकरा वर्षं बसलेल्या माणसानं विचारलं नाही.

४ डिसेंबर २०२३ ला ब्रिटनचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हरली यांनी जाहीर केलं, की नवरा किंवा बायको बाहेरून आणायची असेल तर तिथं राहणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला ३८,७०० पौंड हवं. तोवर ही अट १८,६०० ची होती, जुलै २०१२ पासूनची. ओरड झाली म्हणून २१ डिसेंबरला सरकारनं पायऱ्या पाडल्या, पहिली पायरी २९,००० ची. पुढे तारीखही आली, ११ एप्रिल. त्या तारखेआधी जो अर्ज करील त्याला जुनीच अट लागणार होती. म्हणजे आमच्या मुलाचा पगार जुन्या अटीला पुरून उरत होता आणि नव्या अटीला अपुरा होता. लेकीनं बातमी छापून आणली, तारखेखाली पेनानं रेघ मारली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, ‘‘बाबा, फेब्रुवारीत लग्न करू. महापालिकेत नोंदणी झाली की लगेच अर्ज टाकता येईल.’’

मी नाही म्हणालो.

कारणं होती. हॉल एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला मिळाला होता, तोही ओळखीनं. त्या वर्षी मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त, पंचांगात मुहूर्त जवळजवळ नाहीत, त्यामुळे सगळ्या सांगलीला एप्रिलच हवा होता. अनामत भरली होती. शिवाय दीड महिन्यात लग्न उरकलं की लोक भलतंच बोटावर मोजायला लागतात, हेही होतं. ही सगळी मी बोलून दाखवलेली कारणं. न बोललेलं कारण वेगळं. मला वाटत होतं, बायको सांभाळायची ज्याच्यात धमक आहे त्यानं साहेबाच्या तारखेला भ्यायचं कशाला? आणि ते सरकार तरी काय चूक करतंय? मी स्थळ बघताना जे विचारतो तेच तर विचारतंय. उलट त्या देशाबद्दल मला थोडी आपुलकीच वाटली. त्यांच्या अर्जावर माझंच कुणीतरी बसलंय, असं.

९ एप्रिलला, मंगळवारी, गुढीपाडवा होता. आम्ही सराफ कट्ट्यावर जाऊन लेकीसाठी सोनं घेतलं. गुरुवारी ११ तारीख उजाडली. ती जोतीराव फुल्यांच्या जयंतीची तारीख. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या खटाव तालुक्यातलंच. शाळेत असताना त्या दिवशी मी भाषणं केली आहेत. भटजीवाचून आणि मुहूर्तावाचून लग्न लावायची रीत ज्यांनी १८७३ मध्ये घालून दिली, त्यांच्या तालुक्यातला मी. मुहूर्तापायी लेकीचं दार ज्या दिवशी बंद झालं तो दिवस हा होता, हे माझ्या लक्षात यायला पुढे कितीतरी महिने लागले. लक्षात आलं तेव्हा एकटाच होतो, ते बरं झालं.

लग्न झोकात झालं. लोकसभेचा प्रचार चालू होता, सातारा-सांगली दोन्हीकडे ७ मे ला मतदान, त्यामुळे मंगलाष्टकांच्या मध्ये बाहेरून भोंग्याची गाडी गेली आणि सगळे हसले. जावई बाराव्या दिवशी परत गेला. लेक सांगलीतच राहिली, माहेरी, गळ्यात मंगळसूत्र घालून रोज सकाळी मिरजेच्या बसनं कामाला.

मग मी ती अट पहिल्यांदा नीट वाचली.

पगार कमी पडला तर शिल्लक दाखवता येते. पण शिल्लकेतले पहिले १६,००० पौंड धरतच नाहीत. त्याच्या वरची जी रक्कम असेल तिला अडीचनं भागायचं, आणि जो आकडा येईल तेवढी तूट भरून निघाली असं मानायचं. अडीच का, तर व्हिसा साधारण अडीच वर्षांचा. आमची तूट ४,२०० पौंड. अडीचनं गुणलं तर १०,५००. त्यात ते पहिले १६,००० मिळवा. २६,५०० पौंड, त्या वेळच्या दरानं अठ्ठावीस लाख रुपये, तेही सलग सहा महिने खात्यात पडून. ज्याला काहीच उत्पन्न नाही त्यानं ८८,५०० पौंड दाखवायचे. हे गणित मी वहीवर तीनदा केलं. चक्रवाढ व्याज आयुष्यभर काढलेल्या माणसाला ४,२०० ची तूट भरायला २६,५०० लागतात हे पचत नव्हतं.

काय चालत नाही, त्याची यादी आणखी मोठी. सोनं चालत नाही. पाडव्याचे सहा तोळे त्या अर्जाच्या लेखी शून्य. कोरेगावची जमीन चालत नाही, विकून रोख केली तरच. आमचं घर चालत नाही. आणि लेकीचा पगार चालत नाही. ती महिन्याला ३५,००० रुपये कमावत होती, तिथं जाऊन नोंदणी केली की तिच्या कामाला मागणी होती, पण ती भारतात जे कमावते ते मोजायचंच नाही, असा नियम. जाणारी बायको म्हणजे निव्वळ खर्च. हे वाचताना मी जरा थांबलो. स्थळ बघायला जायचो तेव्हा मुलीच्या पगाराबद्दल मी कधी विचारलं होतं? ‘मुलगी काय करते’ एवढंच विचारायचो, किती मिळतं हे मुलालाच.

इथं कबुलीजबाबातला सगळ्यात वाईट भाग येतो. एका रविवारी मी माझ्या मेहुण्याला फोन लावला, मग तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याला, जो माझा जुना खातेदार होता. ‘सहा महिन्यांसाठी दहा-बारा लाख लेकीच्या खात्यात ठेवता येतील का? व्याज मी देतो. कागदावर बक्षीस म्हणून दाखवू.’ व्यापारी हो म्हणाला. मी खूश होऊन जावयाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘पप्पा, उसने पैसे चालत नाहीत. आणि खोटं लिहून दिलेलं सापडलं तर दहा वर्षं बंदी.’’ आवाज अगदी साधा होता. ज्या आवाजात मी त्या बापांशी बोलायचो तसा नव्हता. फोन ठेवला आणि मला ते सगळे बाप आठवले, खिशातून पेन काढून देणारे, ‘साहेब, तेवढी सही’ म्हणणारे. त्यांच्यातल्या एकानं सही झाल्यावर मला कंदी पेढ्यांचा पुडा दिला होता. मी तो शिपायाला देऊन टाकला होता.

तरीही मी नियमाच्या बाजूनंच होतो, हे सांगायला हवं. माणूस अडचणीत आला म्हणून लगेच मत बदलत नाही, चिडतो फक्त. मत बदललं ते वाचताना, आणि बँकेच्याच भाषेत बदललं.

जुनी १८,६०० ची अट कशी ठरली होती ते मी वाचलं. एवढं उत्पन्न असलं की जोडप्याला सरकारी मदत मागायची वेळ येत नाही, असा तिथल्या स्थलांतर सल्लागार समितीचा हिशोब होता. हे मला पटत होतं, आजही बऱ्यापैकी पटतं. कुणी आणलेल्या माणसाचा भार दुसऱ्यांवर पडू नये, यात गैर काही नाही. २०१७ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानंही किमान उत्पन्नाची अट तत्त्व म्हणून मान्य केली, मुलांच्या हिताकडे लक्ष नाही म्हणून कान उपटले, पण अट ठेवली. २९,००० चा हिशोब मात्र वेगळा. तो आकडा कुशल कामगारांच्या व्हिसाच्या पगारांशी जोडलेला. म्हणजे भाराचा प्रश्न सुटला, लोक किती कमी येतील हा प्रश्न आला. कर्ज फेडू शकतो का, हे बघायचं सोडून तालुक्यातले वरचे किती जण ठेवायचे, असं ठरवल्यासारखं.

त्यातच दुसरी गोष्ट दिसली. १ एप्रिल २०२४ पासून तिथलं किमान वेतन तासाला ११.४४ पौंड झालं होतं. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, झाले २३,७९५. सरकारचं एक खातं म्हणतं, पूर्ण वेळ राबणाऱ्याला इतकं पुरे. दुसरं खातं म्हणतं, इतक्यात बायकोबरोबर राहता येणार नाही.

आणि तिसरी, जिनं मला पाडलं. या व्हिसावर जाणाऱ्या बायकोला तिथल्या सरकारी भत्त्यांना हात लावता येत नाही. परवान्यावरच तसं लिहिलेलं असतं. आरोग्यसेवेसाठी वेगळी रक्कम आगाऊ भरून घेतात, वर्षाला १,०३५ पौंड, तीन वर्षांची एकदम. मग मी स्वतःला विचारलं, ज्याला कर्ज द्यायचंच नाही, त्याच्याकडून तारण कशाचं? बत्तीस वर्षांत असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी मॅनेजरकडे जाऊन म्हणालो असतो, साहेब, यात काहीतरी घोटाळा आहे.

जुलै २०२४ मध्ये तिथं सत्ता बदलली. ३८,७०० ची पुढची पायरी थांबली. २९,००० तसेच राहिले.

या सगळ्यात बायको फार बोलली नाही. एकदाच, लेक व्हिडिओ कॉलवर जेवत होती, म्हणजे ताट इकडे आणि जावई मोबाईलमध्ये, तेव्हा ती स्वयंपाकघरात मला म्हणाली, ‘‘अहो, तुमच्या आईसारखं झालं की हो हिचं.’’

माझे वडील १९५८ पासून लालबागला गिरणीत. आई खटावात. खटाव-माण म्हणजे दुष्काळी मुलूख, तिथला प्रत्येक दुसरा गडी मुंबईला आणि बाई रानात. एका खोलीत वीस-वीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची, जेवण खानावळीत. तिथं बायको कुठं ठेवणार? वडील शिमग्याला यायचे, जत्रेला यायचे, चार-आठ दिवस राहायचे. महिन्याला मनिऑर्डर यायची. फॉर्मच्या खालच्या पट्टीवर चार ओळी लिहायला जागा असायची, ती पट्टी पोस्टमन फाडून देई. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवायचो. ‘मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असावे, म्हशीचे कळवावे.’ नवरा-बायकोचं बोलणं ते एवढंच, तेही माझ्या तोंडून.

ही गोष्ट मी आयुष्यभर अभिमानानं सांगितली आहे. ऐपत नव्हती म्हणून वडिलांनी आईला मुंबईला नेलं नाही, पण कुणाचं पाच पैशाचं देणं ठेवलं नाही, असं. बँकेच्या निरोप समारंभातही सांगितली होती, टाळ्या पडल्या होत्या. जी गोष्ट सांगायची राहून जायची ती अशी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील काही महिन्यांनी वळकटी घेऊन गावी आले ते कायमचे. पहिल्या सकाळी आईनं चहा केला आणि भांडं हातात धरून मला विचारलं, ‘‘ह्यास्नी साखर किती लागती रं?’’ लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. वडील ओट्यावर बसले होते, त्यांना ऐकू गेलं. ते काहीच बोलले नाहीत. मीही तेव्हा त्याचा विचार केला नाही, मला नोकरीची घाई होती.

त्या दोघांच्या मध्ये सरकारी नियम नव्हता, नुसती गरिबी होती. पण त्या गरिबीला मी नियमासारखं मानलं, आणि ती पाळली म्हणून वडिलांना शाबासकी दिली. आई कुठंच नाही त्या गोष्टीत. माझ्या फूटपट्टीचं मूळ तिथं असावं. एकत्र राहणं ही कमावून मिळवायची गोष्ट आहे, आधी पैसा दाखवा मग बायको न्या, हे मला बँकेनं शिकवलंच नव्हतं, मी घरूनच शिकून गेलो होतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी कोरेगावला गेलो. व्याह्यांना अट समजावून सांगितली, वहीवरचं गणितही दाखवलं. त्यांनी वही हातात घेतली नाही. म्हणाले, ‘‘पावणं, तुमच्या बँकंत दोन जामीनदार लागायचं. तिकडं बी लागत असतील तर मी हाय की. अंगठा नाय, सही करतो.’’ मी सांगितलं, जामीन चालत नाही. तिसऱ्यानं ‘मी बघतो’ म्हटलेलं तिथं धरत नाहीत. पैसे खरोखर द्यायचे आणि त्यावरचा हक्क सोडायचा, तर धरतात. अमेरिकेत जामीनदार चालतो, तिथल्या फॉर्मला आय-८६४ म्हणतात. उत्पन्नाची अटही गरिबीरेषेच्या सव्वापट इतकीच, पण ती जबाबदारी नवरा-बायकोचा घटस्फोट झाला तरी सुटत नाही. हे मी आपलं माहिती म्हणून सांगितलं. व्याही म्हणाले, ‘‘मग ते बरं. सोयरीक मोडली तरी जामीन ऱ्हातो म्हंजे मानूस शब्दाचा.’’ हे त्या फॉर्मचं मी ऐकलेलं एकमेव कौतुक.

उठताना त्यांनी विचारलं, ‘‘अर्धा एकर काढू का?’’ लग्न ठरवताना याच माणसाकडून मी सातबारा मागून घेतला होता, आणि तो डोळ्यांजवळ नेऊन बोजा आहे का ते बघितलं होतं, त्यांच्याच सोप्यावर, त्यांनी दिलेला चहा पीत. मी म्हणालो, जमिनीला हात लावायचा नाही. ते म्हणाले, ‘‘मग आल्याचं चार लाख हायती. घरात चिट्टी-बिट्टी लिवायची पद्धत नाय आमच्यात.’’ चिठ्ठी लिहावीच लागली, बक्षीसपत्र म्हणून, नाहीतर अर्जात दाखवता येईना. मराठीत लिहिली, इंग्रजीत भाषांतर करून घेतली. सही करताना त्यांनी आडनाव आधी लिहिलं.

जावयाची तिकडची साठवण ६,००० पौंड. राहिले २०,५००. माझ्या निवृत्तीच्या ठेवी मोडून सोळा लाख, व्याह्यांचे चार, लेकीचे स्वतःचे तीन. तेवीस लाख झाले. जावयानं सुचवलं म्हणून खातं एका राष्ट्रीयीकृत बँकेत उघडलं, सहकारी बँकेच्या उताऱ्यावर कुणी शंका काढायला नको. मला ते जरा लागलं. आमच्याकडच्या बँकांचं असं आधीही झालं होतं. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची, सांगली बँक १९१६ ची, पहिली ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, दुसरी एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. त्यातल्या पहिलीवर तर भांडवल अपुरं म्हणून रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून निर्बंध आले होते. दोन्ही गावांच्या बँकांच्या पाट्या सात महिन्यांत उतरल्या. तेव्हा आम्ही बँकवाले हळहळलो होतो, की नुसत्या एका आकड्यावरून संस्थेची किंमत करतात.

मग सहा महिने काही न करायचे. त्या खात्यात काही भरायचं नाही, त्यातून काही काढायचं नाही. मी रोज सकाळी पौंडाचा दर बघायचो. पैसे रुपयांत आणि अट पौंडांत, दर धरतात तो अर्जाच्या दिवशीचा. सप्टेंबरात पौंड १११ च्या वर गेला. आणखी रुपयाभर वाढला असता तर तेवीस लाख अपुरे पडले असते. शेअरबाजाराकडे कधी ढुंकून न पाहिलेला मी, बँक ऑफ इंग्लंड व्याजदराचं काय करणार यावर फिरायला येणाऱ्या मंडळींशी वाद घालायला लागलो. जानेवारी २०२५ मध्ये दर १०६ च्या आसपास आला आणि आम्ही अर्ज केला. अर्जाचे १,८४६ पौंड आणि आरोग्य अधिभाराचे ३,१०५ असे सव्वापाच लाख वेगळे गेले, लेकीच्या पगारातून आणि बायकोच्या भिशीतून. बायकोची भिशी एवढी मोठी आहे हे मला तेव्हा कळलं. तिचा पगार-कागद मी कधी मागितला नव्हता.

इंग्रजीची परीक्षा, क्षयाची तपासणी, बोटांचे ठसे, सगळं पार पडलं. एप्रिल २०२५ मध्ये लेक मुंबईहून विमानात बसली. बॅगेत भडंगाची दोन किलोची पिशवी होती, वजन जास्त झालं म्हणून एक किलो विमानतळावर काढलं, ते आम्ही परतताना गाडीत खाल्लं.

स्थळ बघायला मी अजूनही जातो. लोक बोलावतात, नाही म्हणता येत नाही. फॉर्म सोळा मागत नाही. मुलाचा पगार विचारतो, खोटं कशाला बोलू, पण मुलीचाही विचारतो, आणि दोघं मिळून कुठं राहणार ते विचारतो. गेल्या महिन्यात पलूसला एका शेतकऱ्याच्या मुलाचं स्थळ होतं. मी ‘बघा, चांगलं आहे’ म्हणालो. बरोबरचे लोक माझ्याकडे बघायला लागले, कारण हे शब्द माझे नव्हतेच.

सोळा लाखांपैकी दोन जावयानं परत पाठवले. बक्षीस दिलेलं परत घेत नाहीत, असं मी त्याला कळवलं. व्याह्यांच्या चार लाखांचा विषय ते काढू देत नाहीत.

लेकीनं एप्रिलचा विषय माझ्यापाशी कधी काढलेला नाही, लग्नात नाही, त्या वर्षभरात नाही, विमानतळावरही नाही. मीही तिच्यापाशी तो काढू शकलेलो नाही. मागच्या आठवड्यात तिला तिथल्या कसल्याशा नोंदणीसाठी विवाह प्रमाणपत्राची दुसरी प्रत हवी होती, म्हणून मी लग्नाची फाईल उघडली. त्यात हॉलच्या पावतीला स्टेपल केलेला एक कागद निघाला. तिनं छापून आणलेली ती बातमी, ११ एप्रिलखाली निळ्या पेनाची रेघ. कागद उलटला. मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या हातचं अक्षर होतं. ‘पाने ६५०. जिलेबी, मठ्ठा, मसालेभात. मांडववाल्यास २० तारखेपर्यंत निम्मे.’